दोन खांब आणि एक ताटी

नेवाशाला एक खांब आहे. प्रवरेच्या काठचं हे गाव. हा दगडी खांब पूर्वी गावाबाहेर उघड्यावर उभा होता, आता त्याच्याभोवती मंदिर आहे. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, याच खांबाला टेकून ज्ञानदेवांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी तो उतरवून घेतला, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. लोक त्याला पैसाचा खांब म्हणतात. दुर्गा भागवतांनी आपल्या ज्या पुस्तकाला ‘पैस’ हे नाव दिलं, ज्याला 1971 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ते नाव इथूनच उचललेलं. पैस म्हणजे मोकळी, प्रशस्त जागा. ऐसपैस या शब्दातला पैस.

दुसरा खांब त्याच अहिल्यानगर जिल्ह्यातला, पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीचा. 1975 साली सैन्यातून परतलेल्या अण्णा हजारे यांनी गावातल्या दारूच्या भट्ट्या बंद पाडल्या, यादवबाबांचं मंदिर पुन्हा उभं केलं आणि गाव बदलायला घेतलं. समजावूनही जे ऐकत नव्हते, पिऊन येतच होते, त्यांना देवळाच्या खांबाला बांधून फटके दिले गेले. मारणाऱ्यांत अण्णा स्वतः असत आणि ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही. 2011 च्या नोव्हेंबरात एका दूरचित्रवाणी वाहिनीशी बोलताना त्यांनी तोच उपाय पुन्हा सांगितला, तेव्हा देशभर वाद झाला. गावातल्या अनेकांना मात्र त्यात गैर वाटलं नव्हतं. दारू सुटली, संसार सावरले, मग फटक्यांचं काय घेऊन बसायचं, असा त्यांचा सवाल होता.

पण राळेगणची गोष्ट खांबापाशी संपत नाही. याच गावाने एक माध्यमिक शाळा उभी केली. शेजारच्या पिंपळनेरच्या निळोबारायांचं, तुकोबांच्या परंपरेतल्या त्या संताचं, नाव तिला दिलं. तिचं वसतिगृह गाजलं ते उलट्या प्रवेशरीतीमुळे. इतर शाळांचा ओढा हुशार मुलांकडे. इथे नापास झालेली, शाळेतून काढून टाकलेली, व्रात्यपणाला कंटाळून आईबापांनी हात टेकलेली मुलं घेतली जात. पहाटेचा व्यायाम, श्रमदान, झाडांना पाणी, आणि दिवसभर शिक्षकांचा सहवास. दुसऱ्या शाळेने दाखला हातात दिलेलं पोर इथे येऊन दहावी पास व्हायचं.

एकाच गावात, त्याच माणसांच्या हातून हे दोन्ही घडलं. पिणाऱ्या बापाला खांब, आणि बिघडलेल्या मुलाला शाळा. कोणी म्हणेल, मोठ्याला एक न्याय आणि लहानाला दुसरा, एवढाच हा फरक. तो तेवढाच वाटत नाही. वाकडं वागणाऱ्या माणसाकडे बघण्याच्या दोन रीती इथे शेजारी शेजारी नांदताना दिसतात, आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक वर्गात रोज सकाळी शिक्षकाला त्यातली एक निवडावी लागते.

ग्रंथ पुरा होताना ज्ञानदेवांनी जे मागणं मागितलं, त्यात दुष्टांचा विषय येतो. त्यांचा नाश व्हावा असं ते मागत नाहीत. त्यांना अद्दल घडावी असंही मागत नाहीत. त्यांच्यातला वाकडेपणा गळून पडावा, चांगल्या कामाची त्यांना गोडी लागावी आणि जीवाजीवांत मैत्री जडावी, अशा क्रमाने ते मागणं पुढे सरकतं. ज्ञानदेवांचा शब्द आहे व्यंकटी. माणूस आणि त्याची व्यंकटी यांच्यामध्ये त्यांनी एक रेघ ओढली. गळायची ती व्यंकटी. माणूस राहायचा आहे, कारण पुढच्या मैत्रीत तोही हवा आहे.

हे पसायदान आज असंख्य मराठी शाळांच्या परिपाठात म्हटलं जातं. मुलं हात जोडून, डोळे मिटून म्हणतात, शिक्षकही म्हणतात. मग हजेरी होते, आणि पहिल्या तासाला एखादा मुलगा बाक वाजवतो, शेजाऱ्याची वही फाडतो, उलट बोलतो. त्या क्षणी सकाळचं मागणं कुठे असतं, हा प्रश्न धर्माचा आहे आणि तितकाच वर्ग सांभाळण्याचाही.

हे मागणं मागणारा कोण होता, हे विसरून चालणार नाही. परंपरेने सांगितलेलं 1275 हे जन्मसाल धरलं तर नेवाशातले ज्ञानदेव पंधरा-सोळा वर्षांचे होते. आजच्या भाषेत दहावीतला मुलगा. आणि हा मुलगा शिक्षा भोगलेला होता. वडिलांनी संन्यास घेऊन पुन्हा संसार मांडला, हा गुन्हा. तो मुलांचा नव्हता. पण वाळीत टाकली गेली ती चारही भावंडं. आईवडिलांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं गेलं आणि त्यांनी जीव दिला, असं परंपरा सांगते. मुलांना मुंजीसाठी पैठणच्या ब्रह्मवृंदाकडे शुद्धिपत्र मागायला जावं लागलं. तिथून परतताना नेवासं लागलं. या कथा घराघरांत पोहोचवल्या त्या ताहराबादच्या महिपतींनी, 1762 साली पुऱ्या झालेल्या ‘भक्तविजया’तून. ताहराबाद राहुरी तालुक्यातलं. म्हणजे ज्ञानेश्वरी इथे सांगितली गेली आणि ती सांगणाऱ्या पोरक्या मुलांची कहाणी सुमारे पावणेपाचशे वर्षांनी याच जिल्ह्यातून पुन्हा सांगितली गेली.

ज्याला समाजाने वाळीत टाकलं त्याने समाजासाठी मागताना कोणालाही वाळीत टाकलं नाही. विसोबा खेचरांची गोष्ट याच ओघात येते. भावंडांना छळणारा, मांडे भाजायला कुंभाराकडून खापर मिळू न देणारा हा माणूस पुढे त्यांचाच झाला आणि नामदेवांचा गुरू ठरला. ही आख्यायिका आहे, इतिहासाचा पुरावा नव्हे. पण समाज कुठल्या आख्यायिका शतकानुशतकं जपतो, यावरून त्याला मनातून काय पटलेलं आहे ते कळतं.

शास्त्रांत मात्र या प्रश्नावर एकमत कधीच नव्हतं. गौतम धर्मसूत्र म्हणतं, शिष्याला शिकवावं ते मारल्याशिवाय; तसं शक्यच नसेल तर बारीक दोरीने किंवा वेळूच्या पातळ कांबीने; आणि दुसऱ्या कशाने मारणाऱ्या गुरूला राजाने शासन करावं. हजारो वर्षांपूर्वीच्या सूत्रात मारणारा शिक्षकच दंडाला पात्र ठरतो, हे वाचताना आजही थबकायला होतं. मनुस्मृतीत एका ठिकाणी म्हटलं आहे की मुलगा आणि शिष्य सोडून कोणावर काठी उगारू नये, म्हणजे त्या दोघांवर उगारायला मोकळीक. त्याच ग्रंथात दुसऱ्या अध्यायात सांगितलंय की कोणालाही हिताचं शिकवायचं ते अहिंसेनंच, गोड आणि मऊ बोलून. शिक्षक काठी उचलतो तेव्हा त्याच्या पाठीशी परंपरा असते, आणि ठेवून देतो तेव्हाही असते.

भाषेनेही आपला कौल दिलेला आहे. संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकणं, शिकवणं. हिंदीत तो अर्थ टिकला. मराठीत शिक्षण वेगळं पडलं आणि शिक्षा या शब्दाला फक्त मार, दंड, कैद एवढंच उरलं. कधीतरी मराठी माणसाच्या मनात या दोन गोष्टी इतक्या जवळ आल्या असाव्यात की एका शब्दाचे दोन तुकडे करून वाटणी करावी लागली.

या वाटणीत एक शब्द मागे पडला, तो म्हणजे प्रायश्चित्त. दंड आणि प्रायश्चित्त यांची मराठीत सर्रास गल्लत होते, पण त्यांची जात वेगळी आहे. दंड बाहेरून येतो, प्रायश्चित्त आतून. जैन परंपरेने हा विचार फार बारकाईने केला आहे. पाथर्डी तालुक्यातल्या चिचोंडीला 1900 साली जन्मलेले आणि 1992 साली नगरलाच देह ठेवलेले आचार्य आनंदऋषीजी ज्या श्रमणसंघाचे आचार्य होते, त्या परंपरेत प्रायश्चित्ताची सुरुवात होते आलोचनेने. म्हणजे जे घडलं ते गुरूसमोर स्वतःच्या तोंडाने, लपवाछपवी न करता सांगणं. पहिली पायरीच सांगण्याची आहे, सोसण्याची नाही. ऐकणारा असा हवा की त्याच्यापुढे सांगायची भीती वाटू नये. ज्याच्या हातात छडी आहे त्याच्यापुढे आलोचना होत नाही. तिथे फक्त खोटं बोलायची तालीम होते.

ज्ञानदेवांच्या आईवडिलांना जे सांगितलं गेलं त्यालाही प्रायश्चित्त हेच नाव होतं. नाव तेच, पण सांगणारे दुसरे आणि भोगणारे दुसरे. तो दंडच होता. शाळेत हे रोज घडतं. “चूक कबूल कर आणि माफी माग,” असं चाळीस मुलांसमोर उभं करून म्हटलं की ओठांवरून माफी येते. मनात त्या वेळी काय चाललेलं असतं, ते लहानपणी अशा रांगेत उभं राहिलेल्या कोणालाही आठवेल.

कायद्याने आपलं काम केलं आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं सतरावं कलम शाळेतली शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही मना करतं. हा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. सोळाव्या कलमाने आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढून टाकायलाही बंदी केली. 2019 च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत नापास करायला वाट मोकळी झाली, काढून टाकायला मात्र नाही. कायदा आला त्या सुमारास, 2009-10 मध्ये, राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने सात राज्यांतल्या 6632 मुलांना शाळेतल्या शिक्षेबद्दल विचारलं. एकही प्रकारची शिक्षा झाली नाही असं सांगणारी मुलं निघाली फक्त 9. परदेशातला हिशेबही निराळा नाही. एलिझाबेथ गेर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी पन्नास वर्षांतल्या अभ्यासांतून एक लाख साठ हजारांवर मुलांची माहिती एकत्र केली आणि 2016 साली मांडली: घरी चापट्या खाणाऱ्या मुलांत आक्रमकपणा, उलटून वागणं आणि मनाचे त्रास कमी नव्हते, जास्त होते.

तरीही छडीवरचा विश्वास उडत नाही, कारण तो आकड्यांवर उभा नाहीच. तो उभा आहे प्रेमाच्या माराच्या आठवणीवर. “आमच्या गुरुजींनी फोडून काढलं म्हणून आम्ही माणसात आलो,” असं सांगणारी माणसं खोटं बोलत नसतात. ‘श्यामची आई’तली आईसुद्धा पोहायला जायला घाबरून लपलेल्या श्यामला शिंपटीने मारते, आणि वाचणाऱ्याच्या मनातून ती आई उतरत नाही. या आठवणीला हसून किंवा कायद्याचं कलम दाखवून भागणार नाही. त्या मारातलं काय कामाला आलं, हे मात्र विचारायला हवं.

गांधीजींनी ‘सत्याच्या प्रयोगां’त याचा एक जबाब लिहून ठेवला आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या टॉलस्टॉय फार्मवर सतरा वर्षांचा एक मुलगा कोणालाच जुमानेना, तेव्हा त्यांनी जवळ पडलेली रूळपट्टी उचलून त्याच्या दंडावर मारली. मारताना त्यांचाच हात थरथरत होता. मुलगा रडला, त्याने माफी मागितली. अंगाने तो इतका दांडगा होता की उलटून मारू शकला असता. गांधीजी लिहितात की रडवलं ते पट्टीने नव्हे. आपल्याला मारावं लागलं याचं दुःख त्या मुलाला दिसलं. त्यानंतर मुलाने कधी उलट वागणूक केली नाही. म्हणजे उपाय ‘लागू पडला’. तरीही त्या फटक्याचा पश्चात्ताप त्यांना राहिला आणि पुन्हा त्यांनी कोणा मुलावर हात उचलला नाही. आईच्या किंवा गुरुजींच्या माराबद्दल कृतज्ञ असलेला माणूसही नीट आठवून पाहील तर त्याला आठवेल ते मारणाऱ्याचं कासावीस होणं, संध्याकाळी हळद लावणारा हात. काम त्या हाताने केलेलं असतं. श्रेय मात्र शिंपटीला जातं.

‘श्यामची आई’ लिहिणाऱ्या साने गुरुजींनी शिंपटी वगळून नुसता तो हात ठेवला. 1924 ते 1930 ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तिथलं छात्रालय त्यांच्याकडे होतं. मुलं शाळेत गेली की गुरुजी खोल्या झाडत, विस्कटलेल्या वळकट्या गुंडाळत, कपडे घड्या करून ठेवत, असं त्यांचे विद्यार्थी सांगत. ते कोणालाच रागावत नसत. मुलांना काही दिवस कळेना की हे कोण करतं. कळलं तेव्हा खोल्या आपोआप स्वच्छ राहू लागल्या. छात्रालयाचं एक हस्तलिखित दैनिकही ते एकहाती लिहून काढत. जे तोंडावर बोलून मुलाला बोचलं असतं ते कागदावरून सगळ्यांपर्यंत जाई. शिस्तीच्या नावाने एवढे कष्ट घेणारा शिक्षक मऊ होता असं म्हणणं धाडसाचं आहे. उठाबशा काढायला लावणं त्यापेक्षा किती सोपं!

इथे एक प्रश्न रास्त आहे आणि तो शिक्षक विचारतातच. मार खाणाऱ्या पोराचं काय? ज्याने बाक वाजवला त्याच्यावर प्रेम करा, ठीक; पण त्याने ज्याला ढकललं, ज्याच्या डब्यात माती टाकली, त्या मुलाला कोण न्याय देणार? शिक्षा टाळणं म्हणजे दांडगटाला मोकळं रान, असं होत असेल तर ते पसायदानातल्या मैत्रीच्या जवळपासही जात नाही.

पण बारकाईने पाहिलं तर शिक्षेतून त्या मुलालाही काही मिळत नाही. दांडगटाला दोन छड्या बसतात; डब्यात माती तशीच राहते. उपाशी राहिलेल्या मुलाला भाकरी कोणी देत नाही, आणि शाळा सुटल्यावर गल्लीच्या कोपऱ्यावर त्या दोन छड्यांचा हिशेब त्याच्याकडूनच चुकता होतो. पोलंडमधल्या यानुश कोरचाक या डॉक्टरने हे ओळखलं होतं. वॉर्सातल्या आपल्या अनाथालयात त्याने मुलांचं न्यायालय चालवलं. न्यायाधीश मुलं, फिर्यादी मुलं. त्यासाठी त्याने जी कलमं लिहिली त्यांतली पहिली नव्याण्णव सोडून देण्याची आणि क्षमेची होती. पुढे आकडे चढत जात आणि हजाराव्या कलमाशी अनाथालयातून जाणं येई. सहा महिन्यांत खुद्द कोरचाकवर पाच खटले चालले, त्यातला एक मुलाच्या कानाखाली मारल्याबद्दल. ज्याला त्रास झाला त्याचं ऐकून घेणारी जागा तिथे होती, आणि ज्याने त्रास दिला त्याला परत यायला वाटही होती. याच अनाथालयातल्या मुलांनी जुलै 1942 मध्ये, ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेलं जाण्यापूर्वी काही दिवस, रवींद्रनाथांचं ‘डाकघर’ बसवलं होतं. न्यूझीलंडने 1989 च्या कायद्याने मुलांच्या गुन्ह्यांसाठी माओरी लोकांच्या रीतीवरून बैठक आणली: मुलगा, त्याचं घर, आणि ज्याचं नुकसान झालं तो माणूस, सगळे एकत्र बसून भरपाई कशी करायची ते ठरवतात. गावच्या पारावर वाद मिटवणाऱ्या मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटायला नको. फक्त पारावर बसणाऱ्यांनी ज्ञानदेवांच्या आईवडिलांना काय सांगितलं होतं, तेही लक्षात ठेवलेलं बरं.

अहिल्यानगरच्या शिक्षकाला हे सारं पुस्तकी वाटणं साहजिक आहे. त्याच्यापुढचं मूल वेगळं आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड हे तालुके ऊसतोडणीला माणसं पुरवणारे. याच जिल्ह्यात प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, देशभर नाव झालं. आणि याच जिल्ह्याच्या कोरडवाहू कडेची माणसं दसरा-दिवाळीला मुकादमाची उचल घेऊन फडावर जातात. मागे आजी-आजोबा असले तर पोरं गावी राहतात, नसले तर बैलगाडीतून सोबत निघतात. कारखान्याचा पट्टा पडला की टोळ्या परततात. तेव्हा मार्च-एप्रिल उजाडलेला असतो.

अशी एक सकाळ डोळ्यांसमोर आणावी. पाथर्डीकडच्या एखाद्या वस्तीवरची दोन खोल्यांची शाळा. चौथीचा वर्ग. भागाकार चालू आहे, तीन अंकी. एक मुलगा पाच महिन्यांनी वर्गात बसला आहे. त्याच्या तळहाताला वाढ्यांचे ओरखडे आहेत, नाकावर उन्हाची साल निघालीय. फडावर तो पहाटे कोपीत धाकट्या बहिणीला सांभाळत होता, पाणी आणत होता. एका घराचा अर्धा भार त्याने पेलला होता. इथे त्याला फळ्यावरचं काही कळत नाही. शेजारचा मुलगा सगळी उत्तरं पटापट लिहितो आणि वही जरा आडवी धरतो, दिसू नये म्हणून. सगळी आग तिथे उसळते. वही ओढली जाते, टर्रकन फाटते, एक शिवी निघते, आणि फाडणारा पोरगा उठून दाराबाहेर, शाळेच्या मागच्या भिंतीशी जाऊन बसतो. गुडघ्यांत डोकं.

आता बाई काय करणार? त्यांच्याकडे अजून दोन वर्ग आहेत, पोषण आहाराची नोंद राहिलीय, दुपारी केंद्रप्रमुख यायचे आहेत. राग येणारच. तो न येणारी माणसं शाळेत नसतात. छडी कपाटावर आहे, आणि ती उचलली तर दोन मिनिटांत सगळं शांत होईल, हेही खरं आहे.

इथे पुन्हा त्या भावंडांकडे जावंसं वाटतं. एकदा ज्ञानदेवच रुसले. लोकांचं बोलणं मनाला लागलं आणि त्यांनी झोपडीची ताटी लावून घेतली, कोणाशी बोलेनात. बाहेर बहीण मुक्ताबाई उभी राहिली. वयाने सगळ्यांत धाकटी. त्या वेळचं तिचं बोलणं ‘ताटीचे अभंग’ म्हणून वारकरी आजही गातात. तिने ताटी ढकलली नाही आणि त्याला धाक घालायला सगळ्यांत थोरल्या निवृत्तीनाथांना बोलावलं नाही. “तू असं वागायला नको होतंस” एवढ्यावरही ती थांबली नाही. तो कोण आहे, त्याच्यात काय आहे, रागावलेल्या जगापुढे त्याच्यासारख्याने कसं पाणी व्हायचं असतं, हे ती त्याला पुन्हा पुन्हा सांगत राहिली. सांगणं थोडं लाडाचं होतं, थोडं कान धरण्याचंही. ताटी आतून उघडायची होती. बाहेरून तोडली असती तर आतला रुसवा तसाच राहिला असता.

वर्तनशास्त्र आज हेच आपल्या भाषेत सांगतं. अमेरिकेतले बालमानसतज्ज्ञ रॉस ग्रीन गेली अनेक वर्षं मांडतात की मुलाला जमत असतं तर त्याने चांगलंच वागून दाखवलं असतं. जिथे तो बिघडतो तिथे त्याला काहीतरी जमत नाहीये, ते शोधा. डहाणूजवळच्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे न बोलता केलं. गुरं राखणारी आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती, तर त्यांच्या आईबापांना दम देण्याऐवजी त्यांनी शाळाच कुरणात नेली.

बाईंनी छडी कपाटावर राहू दिली, असं धरू. आधी त्या फाटलेल्या वहीपाशी जातात, वहीवाल्याच्या डोक्यावर हात ठेवतात, त्याला स्वतःच्या टेबलाशी बसवतात, कारण रडू त्यालाही आलेलं आहे. वर्गाला उदाहरण देतात. मग मागच्या भिंतीशी जाऊन त्या पोराशेजारी, समोर उभ्या न राहता, बसतात. थोडा वेळ काहीच बोलत नाहीत. “का फाडलीस?” या प्रश्नाला कुठलंच मूल खरं उत्तर देऊ शकत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. त्या विचारतात, “फडावर रोज पाणी किती लांबून आणायचास रे?”

तो सांगतो. आधी एका शब्दात, मग लांबत जातं. कोपीची, बहिणीच्या तापाची, मुकादमाच्या मोटरसायकलची हकीकत निघते. भागाकाराची गोष्ट शेवटी येते, आणि तीही त्याच्याच तोंडून. “मला काईच येत न्हाई बाई. ती समदी हसत्यात.” बाई म्हणतात, भागाकार आपण दोघं दुपारच्या सुट्टीत करू, तुला चार दिवसांत येईल, फडावर तू मोळ्या मोजत होतास ना. “पण वही त्याची आहे. ती फाटली. तिचं काय करायचं?”

पोरगा बराच वेळ गप्प राहतो. मग म्हणतो, चिकटवून देतो.

पोषण आहाराच्या खोलीतून बाई मूठभर कणीक मागून घेतात. स्टीलच्या वाटीत पाणी घालून, चुलीच्या कडेला ठेवून तिची खळ होते. असली खळ कशी करायची हे त्या पोराला आईने आधीच शिकवलेलं असतं, बाईंना सांगावं लागत नाही. वहीवाला मुलगा आधी लांब उभा राहतो, नंतर पानांचे नंबर जुळवायला पुढे येतो, कारण कुठलं पान कुठे जातं ते त्यालाच माहीत आहे. एक पान उलटं चिकटतं, परत सोडवावं लागतं. दोघांच्या बोटांना खळ लागते, ती वाळून पांढरी होते. वही उघडी करून ओट्यावर उन्हात ठेवतात, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर एक दगड.